जुना वॉर्ड आज नकाशावर नाही, मग त्याचा इतिहास शोधायचा कुठे?

आधी प्रश्न नीट मांडतो. पुण्यातल्या एका सोसायटीच्या स्मरणिकेसाठी तुम्हाला 2007 ते 2012 या काळातल्या आपल्या वॉर्डाचा इतिहास लिहायचा आहे. तेव्हाच्या नगरसेवकाच्या कार्यअहवालावर वॉर्ड क्रमांक छापलेला आहे. पण आज त्या क्रमांकाचा प्रभाग उघडला की शहराच्या भलत्याच टोकाचा नकाशा समोर येतो. क्षेत्रीय कार्यालयात विचारलं तर 'आताचा नकाशा संकेतस्थळावर आहे' एवढंच उत्तर मिळतं. (तुमचा क्रमांक 41 च्या आतला आहे म्हणून निदान चुकीचा प्रभाग तरी सापडला. त्याहून मोठा असता तर काहीच सापडलं नसतं.)

खरी अडचण कागद न मिळण्याची नाही. तुम्ही क्रमांकावरून शोधताय, ही आहे. महापालिकेचा निवडणूक वॉर्ड म्हणजे गावासारखी किंवा पेठेसारखी टिकणारी वस्तू नव्हे. तो एका सार्वत्रिक निवडणुकीसाठी आखला जातो, त्या मुदतीतल्या पोटनिवडणुकांपुरता जगतो आणि पुढच्या रचनेच्या अधिसूचनेबरोबर संपतो. नवा प्रभाग त्याच जागी असला तरी कायद्याच्या दृष्टीने तो जुन्याचा वारस नसतो. क्रमांक तर निव्वळ भौगोलिक ओळीने पडतात. प्रभाग रचनेच्या आदेशांत क्रम दिलेला असतो: सुरुवात उत्तरेकडून, तिथून ईशान्येला, मग पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत शेवट दक्षिणेला. एकूण प्रभाग कमीजास्त झाले की सगळी ओळ सरकते. म्हणून तुमचा क्रमांक दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. त्यात कुणाची चूक नाही.

पुण्यात ही ओळ किती वेळा सरकली ते पाहा. 2002 साली मुंबई वगळता राज्यातल्या महापालिकांत तीनसदस्यीय प्रभाग होते. 2007 ला पुन्हा एकसदस्यीय वॉर्ड आले, पुण्यात 144. 2012 ला दोनसदस्यीय पद्धत आली आणि 76 प्रभागांतून 152 नगरसेवक निवडले गेले. 2017 ला चारसदस्यीय: 41 प्रभाग, 162 जागा, म्हणजे 39 प्रभागांत चार आणि दोन प्रभागांत तीन. जानेवारी 2026 च्या निवडणुकीतही प्रभाग 41 च होते, पण जागा 165 आणि एक प्रभाग पाच सदस्यांचा. मध्ये नवी गावं हद्दीत आली होती, त्यामुळे 2017 आणि 2026 मध्ये प्रभागांची संख्या सारखी दिसली तरी हद्दी सारख्या आहेत असं धरून चालू नका. इथे पुष्कळ जण फसतात.

याहून मोठा सापळा 2022 चा आहे. त्या वर्षी तीनसदस्यीय पद्धतीने 58 प्रभाग आणि 173 जागांची रचना अंतिम झाली होती. नकाशे निघाले, हरकती झाल्या, सुनावण्या झाल्या, पण त्या रचनेवर निवडणूक झालीच नाही. ऑगस्ट 2022 मध्ये राज्य सरकारने वाढीव सदस्यसंख्या मागे घेतली आणि चारसदस्यीय पद्धत परत आणली. मुंबईतही तसंच झालं: 227 चे 236 झाले आणि परत 227 वर आले. त्या रचनेचे नकाशे आणि बातम्या मात्र अजून इंटरनेटवर फिरतात, आणि शोधात त्या आधी वर येतात. 58 प्रभागांचा नकाशा हाती आला तर तो न झालेल्या निवडणुकीचा आहे, हे लक्षात ठेवा. शिवाय मार्च 2022 ते जानेवारी 2026 पुणे महापालिकेत प्रशासक होते. त्या काळात 'आमचे नगरसेवक' म्हणून कुणाचं नाव छापाल तर ते चूक ठरेल; माजी नगरसेवक म्हणा.

काही गोष्टी तुमच्या जागेवर अवलंबून आहेत. तुमचा भाग 2007 च्या आधीपासून महापालिकेत असेल तर सगळे कागद महापालिका आणि राज्य निवडणूक आयोग यांच्याकडेच आहेत. पण तो मागाहून समाविष्ट झालेल्या गावाचा भाग असेल, तर त्याआधी तिथे ग्रामपंचायतीचे वॉर्ड, जिल्हा परिषदेचा गट आणि पंचायत समितीचा गण अशी तिहेरी रचना होती. ते कागद तहसील आणि जिल्हाधिकारी कार्यालयाकडून काढावे लागतात, आणि ते काम वेगळं आहे. मुंबईतल्या वाचकांसाठी एक सूचना: तिथे 'वॉर्ड' म्हटलं की बहुतेकांच्या मनात ए, बी, जी-उत्तर, के-पूर्व असे प्रशासकीय विभाग येतात. निवडणूक प्रभाग त्यांच्या पोटात असतात आणि त्यांचे आकडे वेगळे. दोन्हींची सरमिसळ झाली की पुढचं सगळं चुकतं. पुण्यातही क्षेत्रीय कार्यालयाची हद्द, विधानसभा मतदारसंघ आणि निवडणूक प्रभाग या तीन वेगळ्या रेषा आहेत.

आता पद्धत. सुरुवात अंतिम प्रभाग रचनेच्या अधिसूचनेपासून करायची. प्रारूप आणि अंतिम अशा दोन रचना प्रसिद्ध होतात आणि मधल्या हरकती-सूचनांत हद्दी बदलतात, त्यामुळे कागदावर 'प्रारूप' हा शब्द दिसला की तो बाजूला ठेवा. अंतिम अधिसूचनेत प्रत्येक वॉर्डापुढे तीन गोष्टी असतात: लोकसंख्या (एकूण, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती), व्याप्ती म्हणजे आत येणाऱ्या वस्त्या-सोसायट्यांची नावं, आणि चतुःसीमा म्हणजे चारही बाजूंच्या हद्दीचं वर्णन.

व्याप्तीवर विसंबू नका. ती ढोबळ असते. मोठ्या वस्त्यांची नावं येतात, लहान सोसायट्या गळतात. आपलं नाव त्यात नाही म्हणजे आपण त्या वॉर्डात नव्हतो, असं होत नाही. हद्दीचा खरा पुरावा चतुःसीमा. ती साधारण अशी चालते: 'उत्तर: अमुक नाल्यापासून तमुक रस्त्याने पूर्वेकडे अमुक चौकापर्यंत. पूर्व: सदर चौकापासून दक्षिणेकडे कालव्यापर्यंत.' आजच्या नकाशावर ही रेषा ओढायला बसलात की चार ठिकाणी अडाल. रस्त्यांची आणि चौकांची नावं मधल्या काळात बदललेली असतात. नाला बंदिस्त झालेला किंवा वळवलेला असतो. हद्द 'प्रस्तावित डी. पी. रस्त्याने' जाते आणि तो रस्ता आजतागायत झालेला नसतो. अशा वेळी विकास आराखड्याचा (डी. पी. म्हणजे हाच) नकाशा शेजारी ठेवल्याशिवाय रेषा ओढता येत नाही. आणि काही ठिकाणी रस्त्याऐवजी सर्व्हे नंबरची हद्द दिलेली असते, तिथे भूमी अभिलेख खात्याचा गाव नकाशा लागतो.

म्हणून एकट्या आपल्या वॉर्डाची चतुःसीमा कधीच वाचायची नाही. चारही बाजूंच्या शेजाऱ्यांची वाचायची. तुमची उत्तर हद्द ही उत्तरेच्या वॉर्डाची दक्षिण हद्द असते, आणि बऱ्याचदा एका ठिकाणी मोघम लिहिलेली रेषा शेजाऱ्याच्या वर्णनात सर्व्हे नंबरासकट सापडते. दोन्ही वर्णनं जुळली नाहीत, तर तुमची सोसायटी प्रत्यक्षात कुठे मतदान करत होती यावर निकाल करा. तो पुरावा मतदार यादीत असतो. विधानसभेची यादी फोडून वॉर्डनिहाय यादी करतात आणि त्यात मतदाराच्या नावासोबत पत्ता, यादी भाग आणि मतदान केंद्र येतं. एखाद्या जुन्या सभासदाकडे त्या निवडणुकीची मतदार चिठ्ठी जपलेली असेल, तर अर्धं काम तिथेच होतं.

हद्द अशी वाकडीतिकडी का जाते, हेही स्मरणिकेत एका वाक्यात सांगता येईल. रचना लोकसंख्येवर होते, मतदारसंख्येवर नाही, आणि लोकसंख्या म्हणजे शेवटच्या प्रसिद्ध झालेल्या जनगणनेतली. तिचं सर्वांत लहान एकक प्रगणक गट, म्हणजे एका प्रगणकाकडे मोजायला दिलेली घरं, आणि तो शक्यतो फोडायचा नसतो. त्यामुळे रेषा रस्त्याने सरळ जाता जाता मध्येच एका गल्लीला वळसा घालते: तो गट पूर्ण आत किंवा पूर्ण बाहेर घ्यायचा असतो. वर सरासरीपेक्षा साधारण दहा टक्के कमी-जास्त एवढीच मुभा. 2001 च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या 25 लाख 38 हजारांच्या आसपास होती. ती 144 वॉर्डांत वाटली की सरासरी साडेसतरा हजार पडतात. 2011 ची लोकसंख्या सुमारे 31 लाख. 162 जागांना भागलं की जागेमागे एकोणीस हजारांवर, म्हणजे चारसदस्यीय प्रभागाला सुमारे 77 हजार. जुना एक वॉर्ड नव्या प्रभागाच्या पाव भागाएवढाही भरत नाही. तो 'कुठे गेला' याचं उत्तर बहुतेक वेळा असंच असतं: एखाद्या मोठ्या प्रभागात जिरला, किंवा दोन प्रभागांत वाटला गेला.

हे वाटलं जाणं दाखवायला तक्ता करा. माझ्या मते या कामात याहून उपयोगी दुसरं काही नाही. वॉर्डाच्या आतले आणि कडेचे आठ-दहा स्थिर बिंदू निवडा: मतदान केंद्र असलेली महापालिकेची शाळा, जुनं देऊळ, पाण्याची टाकी, पोस्ट, नाल्यावरचा पूल, तुमची सोसायटी आणि चार दिशांच्या टोकाच्या चार इमारती. प्रत्येकाचा सिटी सर्व्हे नंबर किंवा सर्व्हे नंबर लिहून ठेवा, कारण पोटविभागणी सोडली तर तो नावांसारखा बदलत नाही. उभ्या रकान्यांत निवडणुका: 2002, 2007, 2012, 2017, 2026. 2022 चा रकाना ठेवलात तर 'निवडणूक झाली नाही' असं वर ठळक लिहा. प्रत्येक चौकटीत त्या वेळचा क्रमांक भरत जा. 2007 च्या रकान्यात सगळीकडे एकच आकडा असेल. 2012 मध्ये तो एक राहिला की दोन-तीन झाले, हे पाहिलं की वॉर्ड कसा मोडला ते दिसतं. कडेच्या चार इमारती यासाठीच हव्यात. फक्त मधले बिंदू घेतले तर सगळा वॉर्ड जसाच्या तसा पुढे गेला असा भास होतो.

1997 च्याही मागे जायचं असेल तर वेगळा रस्ता धरा. राज्य निवडणूक आयोग 1994 साली स्थापन झाला, 74 व्या घटनादुरुस्तीनंतर. त्यामुळे 1992 च्या निवडणुकीचे कागद आयोगाकडे मागण्यात अर्थ नाही. ते महापालिकेच्या अभिलेख कक्षात आणि राजपत्राच्या जुन्या खंडांत शोधावे लागतात. पुणे महापालिका 1950 ची आणि तिची पहिली निवडणूक 1952 ची, एवढा मागचा पल्ला आहे. पण स्मरणिकेसाठी 2002 पर्यंत गेलात तरी पुरे.

नगरसेवक कोण, हा भाग सोपा वाटतो, पण त्यातही अडचणी आहेत. 2007 ला एका वॉर्डाचा एकच नगरसेवक. 2012 पासून जागांना अ, ब आणि 2017 पासून अ, ब, क, ड अशी अक्षरं आहेत. मतदार प्रत्येक जागेसाठी वेगळं मत देतो आणि प्रत्येक जागेचा निकाल वेगळा लागतो. त्यामुळे नाव, वर्ष, प्रभाग क्रमांक आणि जागेचं अक्षर असं चारही मिळून लिहा. जागेचं आरक्षणही सोबत द्या: अनुसूचित जातीच्या जागा त्या लोकसंख्येच्या प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने ठरतात, महिलांच्या सोडतीने. महिलांचं आरक्षण 2012 च्या निवडणुकीपासून निम्म्यावर गेलं. 'त्या वेळी साहेब का उभे राहिले नाहीत' याचं उत्तर पुष्कळदा या सोडतीतच मिळतं.

निकालाच्या दिवशी निवडून आलेली व्यक्ती मुदत संपेपर्यंत पदावर होतीच, असं समजू नका. राखीव जागेवर जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत न दिल्याने पद गेल्याची उदाहरणं आहेत; निधन आणि राजीनामे वेगळे. अशा ठिकाणी पोटनिवडणूक शोधायची. निकालांसाठी वर्तमानपत्रांचे बांधीव खंड हा जलद मार्ग आहे. 2012 चं मतदान 16 फेब्रुवारीला आणि मोजणी 17 ला झाली. 2017 चं मतदान 21 फेब्रुवारीला, मोजणी 23 ला. मोजणीच्या दुसऱ्या दिवशीच्या अंकात वॉर्डनिहाय तक्ता बघा. त्या घाईत छापलेल्या तक्त्यांत मतांचे आकडे आणि आडनावं चुकतात, म्हणून नाव तिथून घ्या आणि खात्री निवडणूक विभागाच्या विजयी उमेदवारांच्या यादीवरून करा.

वॉर्डात काय कामं झाली यासाठी कार्यअहवालावर भिस्त ठेवू नका; तो प्रचाराचा कागद असतो. अंदाजपत्रकातली 'स' यादी काढा. नगरसेवकांनी सुचवलेली कामं तिच्यात रकमेसकट असतात. अर्थात तरतूद झाली म्हणजे काम झालं असं नाही. वर्गीकरण करून तो पैसा दुसरीकडे वळवता येतो. वर्गीकरणाचे ठराव स्थायी समिती आणि मुख्य सभेच्या कागदपत्रांत, म्हणजे नगरसचिव कार्यालयात मिळतील. तिसरा पुरावा जागेवरच असतो: समाजमंदिराची कोनशिला, उद्यानाचा फलक, बाकावर रंगवलेलं नाव. त्यावर वॉर्ड क्रमांक आणि तारीख दोन्ही असतील तर फोटो काढून ठेवा, कारण रंगकाम झालं की बाकावरचा क्रमांक जातो. नुसता क्रमांक असेल, तारीख नसेल, तर ते 2007 चं की 2012 चं हे तुमच्या तक्त्यावरूनच ठरवावं लागेल.

लोकवस्तीची माहिती हवी असेल तर तुमचं नशीब चांगलं आहे. जनगणनेआधी प्रशासकीय हद्दी गोठवतात. 2011 च्या जनगणनेसाठी ती तारीख 31 डिसेंबर 2009 होती. त्या दिवशी पुण्यात 2007 चीच रचना लागू होती. त्यामुळे जिल्हा जनगणना पुस्तिकेतल्या शहराच्या वॉर्डनिहाय तक्त्यात तुमचा क्रमांक शोधा: घरांची संख्या, स्त्री-पुरुष, सहा वर्षांपर्यंतची मुलं, साक्षर, काम करणारे असे रकाने असतात. क्रमांक जुळला तरी एकदा आकड्याचा अंदाज घ्या: अधिसूचनेतली 2001 ची लोकसंख्या आणि या तक्त्यातली 2011 ची यांत अविश्वसनीय फरक दिसला, तर तो वॉर्ड दुसरा असण्याची शक्यता तपासा.

राहिला माहिती अधिकाराचा अर्ज. महाराष्ट्राच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर 150 शब्दांच्या आत. शुल्क 10 रुपये, प्रतींचे पानामागे 2 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. 'वॉर्डाचा इतिहास द्यावा' असं लिहिलंत तर अर्ज हमखास निकाली निघतो, कारण अधिकाऱ्याने अस्तित्वात असलेला कागद द्यायचा असतो, नवी माहिती तयार करायची नसते. असं लिहा:

'पुणे महानगरपालिका सार्वत्रिक निवडणूक 2007 करिता प्रसिद्ध केलेल्या अंतिम वॉर्ड रचनेच्या अधिसूचनेतील वॉर्ड क्र. अमुक व त्यास लागून असलेल्या सर्व वॉर्डांची व्याप्ती, चतुःसीमा व नकाशा यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. तसेच सदर नस्तीची प्रत्यक्ष पाहणी करण्यास दिनांक व वेळ कळवावी.'

अर्ज महापालिकेच्या निवडणूक विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे. विजयी उमेदवारांच्या यादीसाठी वेगळा अर्ज करा, दोन्ही एकत्र केले की 'एकापेक्षा जास्त विषय' म्हणून परत येतो. पाहणीचं वाक्य गाळू नका: पाहणीचा पहिला तास मोफत असतो, आणि नकाशे मोठ्या आकाराचे असल्याने छायाप्रतीत रेषा पुसट येतात, मूळ नकाशात त्या रंगात असतात. अर्ज लवकर टाका. उत्तर नाही आलं तर पहिल्या अपिलात आणखी 30 दिवस जातात, आणि स्मरणिका छापखान्यात जायची तारीख काही पुढे सरकत नाही. 2026 च्या रचनेचे कागद मागायची वेळ आलीच तर एवढं ध्यानात ठेवा की 2017 ची रचना आयोगाच्या आदेशाने झाली होती, 2025 मध्ये मात्र प्रभाग रचनेचा आदेश नगरविकास विभागाचा होता. महापालिकेने हात वर केले तर दुसरा अर्ज त्यानुसार पाठवा.

लेख लिहिताना 'आमचा वॉर्ड पूर्वी अमुक क्रमांकाचा होता, आता तमुक झाला' हे वाक्य टाळा. 'आमच्या सोसायटीचा परिसर 2007 मध्ये वॉर्ड अमुकमध्ये होता. 2012 च्या रचनेत त्याचा नाल्याच्या उत्तरेकडचा भाग एका प्रभागात आणि दक्षिणेकडचा दुसऱ्यात गेला' असं लिहिलंत तर शेजारच्या सोसायटीचा कुणी वेगळा क्रमांक घेऊन भांडायला आला तरी दोघंही बरोबर असू शकता. तक्ता भरून झाल्यावर एखादी चौकट अडली तर इथे टाका, सोबत चतुःसीमेचा तेवढा उतारा द्या. नुसत्या क्रमांकावरून मलाही सांगता येणार नाही.